माळीमामा, आमची जास्वंद वाचली

प्रिय माळीमामा,

हे पत्र तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल हे माहितीये मला. समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "असू द्या ओ ताई" म्हणून सायकलवर टांग टाकून निघून जाता, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहावं, कारण या मे महिन्यात तुम्ही आमच्या टेरेसवर जे केलंत त्याची किंमत मला माहिती आहे.

ती लाल जास्वंद आईने १२ वर्षांपूर्वी एका फांदीवरून लावलेली. तिचे गुडघे दुखायला लागल्यापासून ती खाली उतरत नाही, पण रोज सकाळी टेरेसवर जाऊन गणपतीसाठी एक फूल काढणार म्हणजे काढणारच. आणि एप्रिल संपता संपता कळ्या गळायला लागल्या, शेंडे आखडले, पानं चुरगळल्यासारखी झाली आणि देठांच्या बेचक्यात पांढरा कापूस. मला वाटलं बुरशी असेल. एका दुकानात फोटो दाखवला तर त्यांनी झाड न बघता, काही न विचारता एक बाटली हातात दिली, मी ती दुपारी १२ च्या उन्हात फवारली, आणि दोन दिवसांत पानांच्या कडा करपून गेल्या, कापूस मात्र तिथेच. आई काही बोलली नाही, तिने त्या दिवशी गणपतीच्या फोटोला नुसत्या दूर्वा वाहिल्या. मला फार लागलं ते.

तुम्ही शेजारच्या सोसायटीत लॉन कापत होतात, मी वरूनच हाक मारली. तुम्ही आलात आणि औषधाचं नावसुद्धा न काढता आधी पंधरा मिनिटं नुसतं बघत बसलात. पान उलटं करून बोट फिरवलंत, मग खाली बसून भिंतीवरून कुंडीत चढणारी मुंग्यांची रांग दाखवलीत. "मिलीबग हाय ह्यो, पण आधी मुंग्या बघा ताई." हा पिठ्या ढेकूण झाडाचा रस पितो, गोड चिकट पाणी सोडतो, मुंग्या ते चाटायला येतात आणि त्या बदल्यात त्याला खाणाऱ्या किड्यांना हाकलून लावतात, आणि खालच्या पानांवर जी काळी काजळी धरली होती ती पण त्याच चिकट्यावर, हे सगळं मी रोज बघत होते पण एकमेकांना जोडलं नव्हतं. तुम्ही द्राक्षबागेत काम केलंय तासगावकडे, तिथे याच किड्याने घडच्या घड वाया जाताना बघितलेत, ते तुमच्या हातात दिसत होतं.

जास्त किडलेले शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधून टाकायला लावलेत, कंपोस्टमध्ये नाही. खोडाला आधी चिकटपट्टी आणि तिच्यावर व्हॅसलीनचा जाड थर, म्हणजे मुंगी वर चढणार नाही आणि सालीलाही त्रास नाही. जुन्या टूथब्रशने बेचक्या घासल्या. मग एक लिटर पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब आणि ५ मिली कडुनिंबाचं तेल, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने, आणि सात दिवसांनी परत, कारण त्या कापसात शेकडो अंडी असतात आणि ती एका फवाऱ्यात मरत नाहीत. मी दर आठवड्याला चमचाभर युरिया घालत होते तो बंद करायला लावलात, त्याने कोवळी लुसलुशीत फूट येते आणि किडीला नेमकी तीच हवी असते.

गुलाबाचं पान पांढऱ्या कागदावर झटकून दाखवलंत तेव्हा लाल ठिपके चालायला लागले, लाल कोळी. कोरड्या उन्हात भराभर वाढतो म्हणालात, रोज सकाळी पानांखालून पाण्याचा जोरदार फवारा मारायला सांगितलात, तो आता माझा आईच्या चहाआधीचा उद्योग आहे. मोगऱ्याच्या जांभळ्या पडलेल्या, आतून अळीने खाल्लेल्या कळ्या संध्याकाळी वेचून टाकते.

पण खरे आभार आहेत ते त्या गुरुवारचे. दुसऱ्या फवारणीनंतर आठवड्याभरात जास्वंदीवर परत पांढरं दिसलं, आधीपेक्षा मोठं, झिपरं, लोकरीसारखं, मी बाटली भरून घेतली आणि सहज तुमच्या लेकीच्या मोबाईलवर फोटो पाठवला. दहा मिनिटांत तुम्ही सायकल हाणत आलात, घामाने भिजलेले. "मारू नगा ताई, आपलंच पोर हाय ते! बागेत आमी इकत आणून सोडतो ह्यास्नी." मग काडीने एकाला हळूच हलवलंत, तो तुरुतुरु पळाला, मिलीबग असा पळत नाही. थोडं थांबलो तर त्याने खरंच एक पिठ्या तोंडात धरला आणि आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो, आई पण खुर्ची ओढून आली. ती ढालकिड्याची अळी होती, क्रिप्टोलेमस. मी नंतर वाचलं, हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली मुद्दाम आणलेला, आणि मोठा झाला की काळपट पंख आणि नारिंगी डोकं. त्या दिवसापासून जास्वंदीवर काहीच फवारलं नाही. मुंग्या वर येत नव्हत्या म्हणून ती पोरं निवांत जेवली. जूनच्या पहिल्या पावसापर्यंत कापूस जवळजवळ गेला होता, आणि काल आईने अकरा फुलं मोजली, दोनदा मोजली.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. किती आग्रह केला, शेवटी म्हणालात, द्यायचंच असेल तर पिवळ्या डबल जास्वंदीची एक फांदी द्या लेकीसाठी. पेन्सिलीएवढी जाड बघून तीन कापून लावल्यात, एक चुकायला नको म्हणून. दोघींना पानं फुटलीत, तिसरी अजून हिरवी आहे. येत्या रविवारी न्यायला या, आई म्हणतेय जेवूनच जायचं.

तुमची,
टेरेसवाली ताई