‘अँटिबॅक्टेरियल’ सीलरला परवाना देण्याआधी: औषध महानियंत्रकांना खुले पत्र

प्रति,
मा. औषध महानियंत्रक,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

रूट कॅनलमध्ये (दाताच्या मुळातील पोकळीत) गटापर्चा या रबरासारख्या पदार्थासोबत फटी बुजवायला भरल्या जाणाऱ्या सीलरच्या पाकिटावर ‘अँटिबॅक्टेरियल’ छापायचे असेल, तर उत्पादकाकडून नेमका कोणता पुरावा घ्यायचा, हे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ राबवताना ठरवून द्यावे, एवढीच आमची मागणी आहे. सीलरसाठीच्या आयएसओ ६८७६ या आंतरराष्ट्रीय मानकात थराची जाडी (५० मायक्रॉनपर्यंत), विद्राव्यता (३ टक्क्यांपर्यंत), घट्ट होण्याचा वेळ वगैरे तपासतात. भरलेल्या कॅनलमधून जिवाणू झिरपतात का, हे त्यात येत नाही.

पुरावा म्हणून हमखास पुढे केला जातो तो अगारच्या (जिवाणू वाढवण्याच्या जेलीच्या) थाळीचा फोटो. ताज्या सीलरभोवतीचे, जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ औषध अगारमध्ये किती पसरले, हे सांगते. फार तर एवढेच. जास्त विरघळणाऱ्या सीलरचे वर्तुळ मोठे दिसू शकते आणि कॅनलमध्ये फटीही तोच पाडतो. इपॉक्सी रेझिनचा सीलर ताजा असताना जिवाणू मारतो, घट्ट झाल्यावर तो गुण जवळजवळ उरत नाही. रुग्णाच्या दातात वर्षानुवर्षे राहतो तो घट्ट झालेलाच.

म्हणून दोन कप्प्यांची चाचणी घ्यावी. काढलेले एकमुळी दात क्राउन (वरचा भाग) कापून १५ मिमीचे करावेत. हायपोक्लोराइट आणि १७ टक्के ईडीटीए या द्रावणांनी कॅनल धुऊन भरावा. मग ३७ अंशांवर, दमट हवेत किमान सात दिवस ठेवावा. मुळाच्या टोकाचे २-३ मिमी सोडून बाहेरून नेलपॉलिशचे दोन थर द्यावेत. निर्जंतुकीकरण एथिलीन ऑक्साइडने करावे, कारण ऑटोक्लेव्हच्या गरम वाफेत गटापर्चा मऊ पडतो. दात नळीत बसवून दोन कप्प्यांच्या मध्ये ठेवावा: वरच्या कप्प्यात एन्टेरोकॉकस फीकॅलिस हे जिवाणू, खालच्यात निर्जंतुक ब्रॉथ (जिवाणूंचे पोषक द्रव). वरचे जिवाणू दर दोन-तीन दिवसांनी ताजे घालावेत, खालचा ब्रॉथ रोज पाहावा; तो गढूळला, तर जिवाणू खाली झिरपले. १९९० च्या एका प्रसिद्ध प्रयोगात वरून उघडे ठेवलेले निम्म्याहून अधिक कॅनल १९ दिवसांत टोकापर्यंत दूषित झाले होते, तेही दुसऱ्याच जिवाणूने. त्यामुळे आठवडाभराच्या निकालावर समाधान मानू नये. ६० दिवस तरी हवेत.

या पद्धतीवर टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. दात आणि नळी यांच्या सांध्यातून जिवाणू उतरले, तर दोष सीलरच्या माथी बसतो. ही चूक पकडायला टोकासह पूर्ण लेपलेले काही दात हवेतच. त्यांचा ब्रॉथ गढूळला तर अख्खी तुकडी रद्द. सीलरशिवाय नुसता गटापर्चा भरलेले दात मात्र लवकर गढूळले पाहिजेत. गढूळ ब्रॉथमधले जिवाणू तेच आहेत का, हे थाळीवर वाढवून आणि ग्रॅम पद्धतीने रंगवून पडताळावे.

‘अँटिबॅक्टेरियल’ सीलरच्या बाबतीत याहून मोठी मेख आहे. औषध टोकातून खालच्या ब्रॉथमध्ये उतरते आणि तिथे पोहोचलेल्या जिवाणूंना वाढू देत नाही. ब्रॉथ नितळ दिसतो, गळती मात्र झालेली असते. म्हणून शेवटी प्रत्येक नितळ ब्रॉथचा थोडा भाग बाजूला काढून त्यात मुद्दाम थोडे जिवाणू सोडावेत. ते वाढले नाहीत, तर त्या दाताचा निकाल ‘गळती नाही’ असा धरू नये.

अर्जासोबत सरासरी नको. प्रत्येक दात कितव्या दिवशी गढूळला याचा तक्ता, वरच्या दोन्ही प्रकारच्या तुलनेच्या (नियंत्रण) दातांसह, मागावा.

आपले,
दंतोपचार आणि सूक्ष्मजीवशास्त्रात काम करणारे काहीजण