घटनेनं खुर्ची दिली, शेजार नाही दिला

प्रिय जज्जसाहेब,

आता असंच म्हणावं लागणार ना? न्यायाधीशपदाच्या परीक्षेच्या निकालाचा फोटो पाहिला, घरभर नाचलो. मग तुझी कुरकुर वाचली, की पहिली नेमणूक कुठेही होईल, पण आपल्या जिल्ह्यात काही होणार नाही. लेका, त्यातलं सुख तुला कळलेलं नाही. म्हणून मी सध्या नोकरी करतोय त्या साउथ कॅरोलायनातल्या एका जज्जाची गोष्ट ऐक.

इथे फेडरल ट्रायल कोर्टाचं, म्हणजे खटले चालवणाऱ्या केंद्राच्या कोर्टाचं, उलटं असतं. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट मंजुरी देतं आणि माणूस बहुधा आपल्याच भागात जन्मभरासाठी बसतो. बदली नाही, सक्तीची निवृत्ती नाही, पगाराला कात्री नाही. महाभियोगाशिवाय कोणी हलवू शकत नाही. ऐकायला झकास!

ज्युलियस वेटीस वॉरिंग १८८० साली चार्ल्सटनमध्ये जन्मला. घराणं जुनं, वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेतून लढलेले. वकिली गावातच, मग नगरपालिकेचा वकील. १९३८ मध्ये तर ‘कॉटन एड’ स्मिथ या कडव्या वर्णवादी सिनेटरच्या प्रचाराची धुरा त्यानं सांभाळली. असा आपला माणूस १९४२ मध्ये रूझवेल्टच्या सहीनं जज्ज झाला, तेव्हा कोणाच्या पोटात दुखण्याचं कारणच नव्हतं.

तो बदलला कशानं? बहुतेक जण आयझॅक वुडर्डच्या खटल्याकडे बोट दाखवतात. फेब्रुवारी १९४६. सैन्यातून नुकताच सुटलेला हा काळा सार्जंट गणवेशातच बसनं घरी निघाला होता. ड्रायव्हरशी बाचाबाची झाली, बेट्सबर्गला त्याला उतरवलं आणि तिथल्या पोलीसप्रमुखानं मारहाण करून त्याचे दोन्ही डोळे घालवले. नोव्हेंबरात कोलंबियाला खटला उभा राहिला. सरकारी बाजू इतकी ढिसाळ मांडली गेली, की वॉरिंगला संताप आला. ज्युरी सगळी गोरी. ती पाच मिनिटांत निर्दोष म्हणून परतेल आणि आपल्या कोर्टाची शोभा होईल, हे ओळखून तो मुद्दाम बाहेर फिरायला निघून गेला. जज्ज जाग्यावर नाही म्हटल्यावर ज्युरीला थांबणं भाग होतं. अर्ध्या तासाच्या आत पोलीसप्रमुख सुटला. वॉरिंगची बायको एलिझाबेथ रडत कोर्टाबाहेर पडली.

मला मात्र हे ‘एका खटल्यानं डोळे उघडले’ प्रकरण पूर्ण पटत नाही. १९४४ मध्येच त्यानं काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार द्यायचा आदेश दिला होता. तारीख लक्षात ठेव, कारण गावात दुसरीच कुजबुज होती. १९४५ मध्ये त्यानं बायकोला सोडून एलिझाबेथशी लग्न केलं. घटस्फोटाची सोय या राज्यात नव्हतीच, तो फ्लोरिडातून घ्यावा लागला. चार्ल्सटनच्या उच्चभ्रूंनी दारं लावून घेतली आणि पुढे प्रत्येक निकालावर म्हणत राहिले, हा आमच्यावर सूड उगवतोय. पण पगाराचा आदेश घटस्फोटाच्या आधीचा आहे! पहिल्या बायकोशी तो बरा वागला असं मी म्हणणार नाही, तो भाग वेगळा.

१९४७ चा निकाल तर तू मुळातून वाच. तेव्हा इथे खरी निवडणूक म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, आणि तिथे मतदान फक्त गोऱ्यांचं. सुप्रीम कोर्टानं १९४४ मध्ये टेक्सासची तशीच पद्धत रद्द केल्यावर इथल्या विधिमंडळानं काय करावं? प्रायमरीचे सगळे कायदेच रद्द केले. म्हणजे पक्ष खासगी क्लब झाला, आता कोर्ट काय करणार! वॉरिंगनं ती पळवाट बुजवली आणि लिहिलं, साउथ कॅरोलायनानं आता संघराज्यात परत यायची वेळ झाली आहे. यादवीच्या वेळी हे राज्य फुटून निघालं होतं, त्यावरचा हा टोला.

मग घराजवळ क्रॉस जाळला गेला, १९५० मध्ये घरावर दगडफेक झाली, विधिमंडळात महाभियोगाची भाषा झाली. नोकरीला धक्का लागला नाही, पण जेवायला बोलावणारं गोरं घर उरलं नाही. पाहुणे येत ते काळे, आणि त्यावरून आणखी बोंब.

त्याच वर्षी क्लॅरेंडन काउंटीतल्या शाळांचा दावा त्याच्यापुढे आला. मूळ गाऱ्हाणं साधं होतं: गोऱ्या मुलांना शाळेची बस, काळ्यांची पायपीट. काळ्यांचा वकील थरगुड मार्शल समान सोयी मागत होता. वॉरिंगनं त्याला सुचवलं, काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवण्यालाच थेट आव्हान दे. जज्जानं वकिलाला असं सांगावं का? तू नाक मुरडशील, मीही मुरडलं असतं. शिवाय त्यामुळे दावा तीन न्यायाधीशांपुढे गेला आणि १९५१ मध्ये तो दोन विरुद्ध एक हरला. तो एक म्हणजे वॉरिंग. विभक्तता हीच मुळात विषमता, असं त्यानं भिन्नमतात लिहिलं. पुढे हा दावा शाळांतल्या विभक्ततेविरुद्धच्या ‘ब्राउन’ खटल्यात जोडला गेला आणि १९५४ मध्ये सुप्रीम कोर्ट एकमतानं तिथेच पोचलं.

तोवर तो गाव सोडून गेला होता. सत्तरी उलटलेली, सेवेची दहा वर्षं १९५२ च्या सुरुवातीला भरली, तसा पूर्ण पगारावर निवृत्त होऊन न्यूयॉर्कला गेला. १९६८ मध्ये वारला, तेव्हा दफन मात्र चार्ल्सटनलाच झालं. अंत्यविधीला शेकडो काळी माणसं, गोरी मोजकीच.

चार्ल्सटनच्या फेडरल कोर्टाच्या इमारतीला २०१५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. आधी ती माजी सिनेटर हॉलिंग्ज यांच्या नावानं होती. ते हयात होते, आणि माझं नाव काढून वॉरिंगचं लावा, हा आग्रह त्यांचाच.

तेव्हा परजिल्ह्यात निमूट जा. तिथे तुझा चुलता फाइल घेऊन येणार नाही आणि वहिनींना लग्नात कोणी टाळणार नाही. गाव कळलं की लगेच कळव, भिन्नमताची प्रत पाठवतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
हॉस्टेलवरचा जोडीदार