तांबी, मालक आणि विम्याचं पान

ओक्लाहोमा सिटी

ती. सौ. शोभामावशीस,
सा. न. वि. वि.

सोनलला इथल्या चर्चच्या रुग्णालयात नोकरी लागतेय म्हटल्यावर मी विमा तपासायला सांगितलं, तर तू विचारलंस, "तांबीचा आणि मालकाचा काय संबंध?" जन्मभर उपकेंद्रात फुकट तांब्या बसवल्यास तू, तुला हे अजब वाटणारच.

इथे विमा नोकरीतून मिळतो. हप्ता थोडा मालक भरतो, थोडा आपल्या पगारातून कापतात. ओबामांच्या 2010 च्या कायद्यानंतर नियम झाला, की या विम्यातून बायकांना संततिनियमनाची साधनं वर पैसे न घेता द्यायची. त्यावर आमच्याच गावची हॉबी लॉबी, म्हणजे हस्तकलेच्या सामानाच्या दुकानांची कंपनी, कोर्टात गेली. मखराला लागणारी कागदी फुलं आम्ही तिथूनच आणतो! मालक ग्रीन कुटुंब, श्रद्धाळू ख्रिस्ती. रविवारी देशभरातली दुकानं बंद, धंदा बुडाला तरी चालेल. ढोंगी म्हणता येणार नाही त्यांना. वीसपैकी सोळा साधनांना त्यांची ना नव्हती. हरकत चारांनाच: संबंधानंतर घ्यायच्या दोन गोळ्या, आणि गर्भाशयात बसवायची दोन साधनं. म्हणजे आपली तांबी आलीच. फलित बीज रुजू न देणं हा गर्भपातच, असं त्यांचं म्हणणं.

तू म्हणशील, अगं, तांबी तर त्याच्या आधीच शुक्रजंतूंना निकामी करते! खरंय, तिचं मुख्य काम तेच. पण इथलं सर्वोच्च कोर्ट त्यात शिरलंच नाही. श्रद्धा प्रामाणिक आहे ना, मग चूक की बरोबर ते आम्ही बघणार नाही, असं म्हणून 1993 च्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यावर बोट ठेवलं आणि 30 जून 2014 ला पाच विरुद्ध चार मतांनी कंपनी जिंकली. विरोधी निकालात न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी दाखवून दिलं, की किमान वेतनावरच्या बाईला असं साधन बसवायचा खर्च जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढा पडतो. बाकीच्या तत्त्वचर्चेपेक्षा मला हेच जास्त पटतं.

मधला मार्ग होता. मालकाने लेखी हरकत कळवायची, मग विमा कंपनी परस्पर सोय करणार. माझ्या एका मैत्रिणीला तसं पत्रच आलं होतं: तुमची संस्था यासाठी पैसे देणार नाही, पण खर्च आम्ही करू. पुढे वृद्धाश्रम चालवणाऱ्या 'लिटल सिस्टर्स' या कॅथलिक संस्थेच्या नन म्हणाल्या, तसं कळवणं म्हणजेसुद्धा पापात वाटा. 2020 मध्ये सर्वोच्च कोर्टाने अशा मालकांना सरकारने दिलेली सरसकट सूट उचलून धरली. त्यानंतर मालकाने ती घेतली आणि परस्पर सोयही नको म्हटलं, तर बाईने खिशातून भरायचं, असं झालं. 2025 मध्ये एका खालच्या कोर्टाने ते सुटीचे नियम रद्द केले.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांना याच कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली होती. तेही मिशनऱ्यांचंच कॉलेज. पण तिथे निदान प्रश्न त्यांच्या स्वतःच्या प्रचाराचा होता. इथे बाई काही बोललेलीही नसते. आणि विमा ही काय मालकाची मेहेरबानी आहे? तो कामाचाच मोबदला. हातात आलेल्या पगाराचं मी काय करते हे विचारायला येतो का तो?

तर सोनलला सांग, पगाराचा आकडा बघून लगेच हो म्हणू नकोस. विम्याचं पूर्ण माहितीपत्रक मागव, आणि संततिनियमनाला खर्च मिळतो का, नसेल तर परस्पर सोय आहे का, हे सही करण्याआधी लेखी विचार. तिला संकोच वाटत असेल तर कागद मला पाठवायला सांग, मी वाचून कळवते.

काकांना नमस्कार.

तुझी,
मीनल