उंची 159 सेंटिमीटर

महोदय,

मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची निवड आधी उंची मोजून होते, तेव्हा मला जपानची योशिए ताकेशिता आठवते. उंची अवघी 159 सेंटिमीटर! 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकची जपानची पात्रता हुकली आणि खापर तिच्या उंचीवर फुटले. 2002 मध्ये तिने खेळ सोडलाही. पण ती परतली, कर्णधार झाली. 2012 मध्ये लंडनला जपानच्या महिलांनी कांस्य जिंकले, तब्बल 28 वर्षांनी ऑलिम्पिक पदक!

ताकेशिता सेटर होती, म्हणजे सहकाऱ्यांना फटका मारण्यासाठी चेंडू उचलून देणारी खेळाडू. सेटरचे सारे कसब बोटांच्या टोकांत असते. तिची डावी तर्जनी लंडनच्या वेळी मोडलेली होती. पट्टी गुंडाळून ती चेंडू उचलून देत राहिली. बुटक्या म्हणून बाजूला बसवलेल्या मुलींना निवड समित्यांनी एकदा सेटरच्या जागी खेळवून पाहावे, ही कळकळीची विनंती.

– एक व्हॉलीबॉलप्रेमी, सांगली