आई-बाबा, स्पीडचा आकडा सगळ्यात शेवटी बघा

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही पाठवलेले नव्या इंटरनेट कनेक्शनच्या तिन्ही जाहिरातींचे फोटो झूम करकरून वाचले. स्पीड एवढ्या मोठ्या अक्षरात छापलाय की नजर दुसरीकडे जातच नाही, आणि अटी अशा की भिंग घेऊन बसावं लागेल. तुमचा कल ३०० एमबीपीएसवाल्याकडे (एमबीपीएस म्हणजे स्पीडचं माप) दिसतोय पण मला नाही वाटत त्याची गरज आहे. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, ४के असेल तर १५ ते २५. म्हणजे तुम्ही मॅच बघताय, आई आतल्या खोलीत सिरीयल बघतेय आणि वर कुणाचा कॉल चालू आहे, तरी ५० च्या पुढे जाणं अवघड. १०० घेतलं तरी भरपूर झालं.

खरा फरक पडतो तो दारापर्यंत येणाऱ्या वायरीने. फोनची जुनी तांब्याची वायर असेल तर एक्स्चेंज जितकं लांब तितका स्पीड उतरतो, मग कागदावर काहीही असो. केबल टीव्हीच्या वायरीवरचं इंटरनेट अख्ख्या एरियात वाटलं जातं, त्यामुळे दुपारी पळतं आणि रात्री सगळे टीव्ही लावून बसले की रडायला लागतं. फायबरही, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून येणारं इंटरनेट, वाटलेलंच असतं बरं का, एका फायबरवर ३२ किंवा ६४ घरं असू शकतात, पण त्याची मूळ ताकदच अडीच हजार एमबीपीएसच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते म्हणून सहसा जाणवत नाही. सिमवाला ५जी राउटर म्हणजे ड्रिलिंग नाही, काही नाही, आणला की सुरू, पण टॉवरवर गर्दी झाली की तोही मान टाकतो. सॅटेलाइट फक्त जिथे वायर पोचतच नाही तिथे, तुमच्याकडे फायबर येतंय तर विषयच नको.

आई, तू म्हणतेस ना की तुला आम्ही स्वच्छ दिसतो पण आम्हीच सारखं "अगं तू अडकलीस" म्हणतो, ते बहुतेक अपलोडमुळे. जाहिरातीत आकडा असतो तो डाउनलोडचा, म्हणजे तुमच्याकडे येणारा, आणि तुझा चेहरा तर तिकडून आमच्याकडे यायचा असतो. जुन्या वायरींवर अपलोड अगदीच कंजूष असतो, डाउनलोडच्या दहाव्या हिश्श्याएवढासुद्धा सापडतो. तेव्हा अपलोड किती हे वेगळं विचारा आणि लिहून घ्या, तोंडी नको.

पण कंपनी बदलायच्या आधी एक करून बघा. मोबाईल घेऊन राउटरच्या अगदी शेजारी उभं राहून स्पीड टेस्ट करा, मग तीच मागच्या बेडरूममध्ये करा. शेजारी चांगला आणि बेडरूममध्ये मरगळलेला असेल तर दोष वायफायचा आहे, नवीन कंपनीलाही हेच होणार. तुमचा राउटर टीव्हीच्या मागे कोंबलाय (दिसायला बरं दिसत नाही म्हणून, माहितीये मला!) तो बाहेर काढून घराच्या मधोमध, जरा उंचावर ठेवा. मोबाईलच्या वायफाय यादीत राउटरची दोन नावं दिसतात त्यातलं ५जी लिहिलेलं फास्ट असतं पण भिंतीपुढे हार मानतं, आणि त्या ५जीचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही. लांबच्या खोलीत दुसरं नाव लावायचं. टीव्हीला सरळ लॅन केबल जोडून टाका, तो काही जागचा हलत नाही.

एवढं करूनही बदलायचंच असेल तर स्पीडपेक्षा मी शेजाऱ्यांना विचारीन, की बंद पडल्यावर माणूस किती वेळात येतो आणि रात्री नऊच्या सुमाराला कसं चालतं. कनेक्शन विकायला येणाऱ्या कंपनीच्या त्या मुलाला काय, विकायचंच असतं.

त्याला हेही विचारा की ऑफर संपल्यावर महिन्याला किती पडणार, मधेच सोडलं तर दंड आहे का, राउटर आपला की परत द्यायचा, आणि डेटा संपल्यावर स्पीड कितीवर आणतात. लाइट गेली की फायबरचा बॉक्स आणि राउटर दोन्ही बंद पडतात, तेव्हा छोटा यूपीएस घेऊ. लँडलाइन फायबरवर गेली तर तीही त्या वेळी बंद असेल, म्हणून मोबाईल चार्ज्ड ठेवायचा.

आणि बाबा, नवीन सुरू होऊन काही दिवस नीट चालेपर्यंत जुनं तोडू नका. तुमचा जुना ईमेल त्या जुन्या कंपनीचाच आहे, कनेक्शनबरोबर तोही जाऊ शकतो, आणि बँकेत तोच दिलाय. आधी बँकेत बदलून घ्या, मी फोनवर बरोबर राहते.

तो मुलगा "आजच सही केली तरच ऑफर" म्हणाला तर खुशाल जाऊ दे, उद्या दुसरी ऑफर घेऊन येईल. फॉर्मचा फोटो टाका, मागच्या अटींच्या पानासकट, मग बोलू.

तुमचीच