पक्ष्यामागे धावू नकोस, झाड गाठ

पुणे,
महाशिवरात्रीनंतरचा रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पक्ष्यांचे फोटो काढायला तुझी ५०० मिमीची लेन्स आली, छान झालं. फाल्गुन तोंडावर आलाय, तेव्हा पक्ष्यांमागे रानोमाळ हिंडू नकोस. फुललेलं झाड गाठ आणि तिथेच बैठक मार. काटेसावर, पळस, पांगारा या दिवसांत जवळजवळ निष्पर्ण असतात. पक्षी पानांआड जात नाही आणि मधासाठी पुन्हापुन्हा त्याच फांदीवर येतो.

झाड निवडताना फुलं किती आलीत ते शेवटी बघ, आधी उंची बघ. उंच सावरीखाली उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्याचं पोट आणि पांढरंफेक आकाश, एवढंच येतं. उतारावरचं झाड शोध: तू वरच्या बांधावर, शेंडा तुझ्या डोळ्यांच्या रेषेत आणि मागे दूरवर डोंगर. सकाळी झाडाच्या पूर्वेला बस म्हणजे ऊन पाठीशी राहील. जांभळ्या शिंजिरासाठी (सनबर्ड) तर हे हवंच. नराची झळाळी रंगद्रव्याची नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या उजेडाची आहे. ऊन समोरून आलं की तोच शिंजीर कोळशाचा खडा दिसतो.

खरी फसगत लाल रंगाची होते. पळसावर साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) सगळं ठीक दाखवतो, पण लाल चॅनल केव्हाच फुटलेला असतो, म्हणजे लालातला तपशील उडालेला असतो, आणि पाकळ्या प्लॅस्टिकच्या वाटतात. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लाव, रॉमध्येच (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढ आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन –०.७ पासून, म्हणजे थोडं गडद, सुरू कर. काळा पक्षी थोडा गडद येईल, येऊ दे. सावलीतला तपशील नंतर उचलता येतो, उडालेला लाल परत येत नाही. मात्र त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८००च्या आसपास ठेव, ३२०० वर सावली उचललीस तर नुसते दाणे दिसतील.

शिंजिराला शटर १/१६०० सेकंद हवा, तो बसल्या जागी सतत हलतो. भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) थवा एका इशाऱ्यात उठतो. त्याला १/२५०० आणि लेन्सचं छिद्र एफ ८. या भोरड्या एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे निघून जातात, त्यांना पुढे ढकलू नकोस. डोळा ओळखणारा फोकस सावरीवर बरेचदा चुकतो, कारण पुंकेसरांचे गडद ठिपके त्याला डोळ्यांसारखे वाटतात. सिंगल पॉइंट, म्हणजे तू निवडलेल्या एकाच बिंदूवरचा फोकसच बरा. आणि सावरीचं फूल म्हणजे वाटी: पक्षी डोकं आत घालतो तेव्हा बटण दाबण्यात अर्थ नाही. डोकं वर काढतो, कपाळाला पराग लागलेला असतो, तो क्षण धर.

साडेनऊ-दहानंतर आवर. नांगरलेल्या रानावरून किंवा डांबरावरून तापलेली हवा उठते, आणि चाळीस मीटरवरचा पक्षी कितीही फोकस केला तरी मऊच येतो. लोक लेन्सला दोष देतात. पहाटेच्या फोटोंतही असाच मऊपणा दिसला, तर एसी गाडीतून काढलेली लेन्स लगेच वापरली असणार. वीसेक मिनिटं बाहेरच्या हवेत राहू दे.

गाडीच्या खिडकीवर टेकवायला दोन किलो तांदळाची पिशवी ट्रायपॉडपेक्षा सोयीची. (राजमा नको, दाणे मोठे, लेन्स घसरते.)

वर बघून झालं की खालीही बघ. जंगलात सावरीची गळलेली फुलं खायला चितळ, भेकर येतात; वर वानरं फुलं खाऊन अर्धी खाली टाकतात तेव्हा तर नक्कीच. बुंध्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बस, नाहीतर तुझा वास आधी पोचेल.

बसण्याआधी आग्या मोहोळ आहे का ते दुर्बिणीने तपास. मोठ्या सावरीवर ते असतंच म्हणून धर. असेल तर झाड बदल, अत्तर-बित्तर लावू नकोस. मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलवायचा नाही. हे विणीचे दिवस आहेत, नर हद्द राखण्यात दमतो आणि खाणं सोडतो. लोंबतं घरटं दिसलं तर फांदी बाजूला न सारता निघून ये.

तुमच्या विहिरीवरचा पांगारा फुलला का ते कळव. विहिरीचा काठ उंच असेल तर घाटात जायचीही गरज नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत