डॉक्टर, तुम्ही कारण शोधत राहिलात म्हणून

नमस्कार डॉक्टर,

पूर्ण दिवसांचं, 3 किलोचं, दुसऱ्या दिवशी आकडी आलेलं बाळ आठवतंय? टाळूवरून सोनोग्राफी करून तुम्ही मेंदूत रक्तस्राव असल्याचं सांगितलंत, तेव्हा उपचारांचं विचारायचं सोडून मी एवढंच विचारलं, "माझं काय चुकलं?"

बाळ व्हॅक्यूम लावून झालं होतं. दोष द्यायला कारण आयतंच होतं आणि आम्ही तो देऊनही टाकला होता. तुमचं समाधान झालं नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूत एक नाजूक थर असतो, तिथून रक्त येतं. दिवस भरेपर्यंत तो बहुतेक विरतो, म्हणून अशा बाळात वेगळं कारण शोधावं लागतं, असं तुम्ही म्हणालात. ओढाताणीत शिरा फाटणं, प्राणवायू कमी पडणं, मेंदूतल्या शिरेत गुठळी, रक्त गोठवणारा एखादा घटक जन्मतः नसणं. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिल्याची नोंदही तुम्ही स्वतः पाहिलीत. मग पायांवरच्या बारीक लाल ठिपक्यांशी थांबलात. मी ते पुरळ समजले होते!

रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशी फक्त 18 हजार निघाल्या; दीड लाख तरी हव्यात. माझ्या मात्र व्यवस्थित. तिथेच तुम्हाला शंका आली. आम्हा दोघांचं रक्त तपासायला पाठवलंत, आणि रिपोर्टची वाट न बघता बाळाला प्लेटलेट चढवल्यात.

बाळाच्या प्लेटलेटवर वडिलांकडून आलेली एक खूण होती, माझ्या प्लेटलेटवर नव्हती. माझ्या शरीराने ती परकी ठरवली आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं वारेतून बाळात गेली. आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या आयांच्या बाळांचं ऐकून होते, पण तो त्रास बहुधा दुसऱ्या खेपेला होतो. हे पहिलटकरणीलाही होऊ शकतं.

"म्हणजे माझ्यामुळेच ना?" तुम्ही घाईने नाही म्हणाला नाहीत. खुर्ची ओढून बसलात. शरीराने केलंय, तुम्ही नाही; खाण्यापिण्याने किंवा विश्रांतीने हे टळलं नसतं, असं सांगितलंत. त्या रात्री मी पहिल्यांदा झोपले.

लेकाचा डावा हात जरा मागे आहे, व्यायाम चालू आहेत. पळतो मात्र भरपूर.

पुढच्या खेपेला सुरुवातीलाच सांगा, गरोदरपणातच इम्युनोग्लोब्युलिन नावाचं औषध देता येतं, असं तुम्ही एका कागदावर लिहून दिलं होतंत. परवा पहिल्या तपासणीला गेले, तेव्हा फाइलमध्ये तोच कागद सर्वांत वर ठेवला होता.